माझ्या ओळीखालची लाल रेघ

गुरुवार, १३ नोव्हेंबर २००३
सातपूर

आज प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली. चुकलेल्या ओळीखाली ती आपोआप लाल रेघ मारते. बरी सोय. म्हणून कारखान्याच्या पाळ्यांचा जुना प्रोग्रॅम उघडला, तर रेघ माझ्याच ओळीखाली. यादीतून कामगारांची नावं गळायची, ती ह्या ओळीमुळे. तेव्हा मी डाफरलो यादीत नावं भरणाऱ्या वसंतावर, चारचौघांत. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, एकदा तुमची ओळ बघा ना." बघितली का मी? त्यालाच काम सोडायला लावलं.

पुढे वसंता वारला. त्याची बायको शालन अजून भेटली की म्हणते, "भाऊ, ह्यांच्या चुकीचा तुम्हाला लय ताप झाला." मी ऐकून घेतो.

ओळ दुरुस्त केली. रेघ गेली, पण डोळे मिटले की दिसतेच. उद्या शालनकडे जायचं. सांगू कुठल्या तोंडाने?