ओल किती राहिली

२ तारीख, सोमवार
मुलाच्या नव्या घरी आले. घर झकास आहे, फक्त दिवाणखान्यात तळं झालं होतं. नळाची जोडणी सुटली आणि लाकडी फरशी दोन दिवस पाण्यात बसली. आता फळ्यांच्या कडा वर आल्यात, मधे खोलगट झाल्यात. सुतार म्हणाला, घाईने घासू नका, पूर्ण वाळल्या की आपसूक बसतील. त्याने पंखे लावले, हवेतली ओल ओढणारं यंत्र लावलं, खिडक्या बंद करायला लावल्या. ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र आणि ही वही माझ्या हातात दिली. रोज आकडा लिहायचा. आज अठ्ठावीस. दहावर आला की फरशी वाचली. सून म्हणाली, आईंना जमेल का? चौथीपर्यंत शिकलेय बाई. तुझ्या नवऱ्याला पाढे मीच शिकवले.

४, बुधवार
चोवीस. यंत्राची बादली दोनदा ओतली. नात चार वर्षांची, दिवसभर उड्या मारते, म्हणून मी तिला बेडकी म्हणते. सुनेला आवडत नाही, तिला परी हवी. परीच्या नाकाला कायम शेंबूड. मुलगा-सून कामावर गेली की बेडकी अनवाणी त्या फळ्यांवर लोळते. गार लागतं म्हणे.

७, शनिवार
सत्तावीस. वाढला! सुतार आला, सगळे पाईप तपासले, कुठे थेंब नाही. यंत्राची बादलीही कोरडी. मग ओल येते कुठून, मी विचारलं. तो फळीवर हात टेकून बसला होता. एकदम हात ओढला आणि आपला तळवा बघत राहिला. घोटभर पाणीही न पिता गेला.

९, सोमवार
एकतीस. खिडकीतलं झाड वाळलं. टोपलीतल्या काकड्या सुरकुतल्या. बेडकीचे ओठ फुटलेत. तांब्याभर पाणी पिते, पण दिवसातून एकदाच लघवीला जाते. मुलगा म्हणतो, पंख्यांमुळे होतंय, तेल लाव. शहाणाच आहे. सुताराला फोन केला. पोरीला त्या खोलीत सोडू नका एवढंच बोलला आणि ठेवून दिला. दार लावायला गेले तर दार पाण्याने फुगलंय, लागतच नाही.

११, बुधवार
चौतीस. उड्या बंद. पाठ वळली की पोर तिथेच, पालथी, गाल फळीला लावून. उचलली तर रिकाम्या पिशवीसारखी हलकी. तिच्या दंडाला सुया टेकवल्या. सोळा. माझ्या दंडाला लावल्या. एकोणतीस. म्हातारी मी आणि वाळते ती! मुलाला सांगितलं तर हसला. सून मात्र पोरीच्या भेगाळलेल्या टाचा बघत बसली. परवा सुट्टी काढते, डॉक्टरकडे नेऊ म्हणाली.
परवा!

१२, गुरुवार, दुपार
पाच मिनिटं न्हाणीघरात गेले. आले तर पोर फळ्यांवर. उठत नाही. गाल सुटत नाही —
दंड बारा.
बादलीभर पाणी ओतलं फरशीवर. तसंच साचून राहिलं. फळ्यांना ते नकोय.
शेजारी बसले. डावा तळवा फळीवर दाबला. घे म्हटलं, जुनं आहे पण पुष्कळ आहे. पोरीचा गाल सुटला. शेजारणीला ओरडून बोलावलं. उंबऱ्यातूनच पोर ओढून घे म्हटलं, आत पाय टाकू नको. नेली तिने.

दोन वाजले. डावा हात निघत नाही. उजव्याने लिहितेय. मी बावीस.

अडीच. सतरा. फळ्या बसतायत, एकेक —

बाहेर बेडकी रडतेय. गालावर पाणी येतंय का गं तिच्या, मी ओरडून विचारलं. येतंय म्हणाली शेजारीण. म्हणजे आहे अजून पोरीत. रडू दे.

बारा. जीभ चिकट —

सूनबाई, मला उचलायला येशील. येऊ नको. पोरीला घेऊन लांब — आणि माझ्या हाताला हात —