महिन्याची शेवटची गाडी

३० सप्टेंबर २००६, शनिवार

दसरा परवा आणि कंपनीच्या टार्गेटची मुदत आज संपणार. आपल्या शोरूमला एकच गाडी कमी. ती गेली नाही तर महिन्याच्या सगळ्या गाड्यांवरचा बोनस बुडाला. नुसत्या विक्रीत सुटतं काय? चहापाणी.

बदलापूरच्या जाधवांना म्हटलं, बिल आज करू, गाडी दसऱ्याला न्या.

"मग सूट द्या की शेठ! गाडीमागे लाखभर सुटतात तुम्हाला."

गाडी पसंत असल्याची त्या नवरा-बायकोची कुजबुज मी केबिनच्या काचेआडून ऐकली होती. म्हणून ताणलं. मॅटसुद्धा फुकट नाही म्हणालो.

तशी वहिनी हसल्या. "भाऊ, मघाशी फोनवर 'एकच कमी' म्हणालात ना? काचेतून इकडेही ऐकू येतं."

त्या गाडीवरचा सगळा नफा सोडला, वर मॅट दिल्या. बोनस वाचला. तरी त्या मॅटच का डाचताहेत?