मोजणीआधीचा चहा

प्रिय विहीणबाई,

‘होणाऱ्या’ हा शब्द मुद्दाम गाळला आहे. तुम्ही लग्न थांबवलंत, मोडलं नाहीत, आणि त्यातला फरक मला कळतो. हे पत्र पोचेल तेव्हा माझ्या सहीचं आणखी एक पत्र तुमच्या हातात पडलेलं असेल. त्याचं शेवटी सांगते. तोवर जरा दम धरा, तो तुमच्याकडे कमी आहे हे मला पहिल्या भेटीतच कळलं होतं.

आठवतंय ना? तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात, नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत माझ्या कोटाची लोंबणारी बाही धरलीत आणि पर्समधून सुई-दोरा काढलात. मी नको नको म्हणेपर्यंत चार टाके पडलेसुद्धा. मुलगी लाजून अर्धी झाली आणि मला मात्र वाटलं, चला, पोरीला सासू कामाची मिळाली. तुम्ही शिंपीणबाई, मी मोजणी खात्यातली, म्हणजे दोघी मापं घेणाऱ्या. त्या दुपारी तुम्ही तुमच्या धाकट्या भावाचा फोटोही दाखवलात. तुमचा देश आणि त्याचा उत्तरेकडचा शेजारी ज्या डोंगरावरून भांडतात, त्यावरच्या लष्करी चौकीत त्याने दोन हिवाळे काढले आणि उजव्या पायाची तीन बोटं गमावून परत आला. तुम्ही फोटो पदराने पुसून पुन्हा पर्समध्ये ठेवलात, ते मी विसरलेले नाही.

म्हणूनच आमच्या पंतप्रधानांचं भाषण ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्हीच आलात. तुमच्या उत्तरेकडच्या शेजारी देशाचे राष्ट्राध्यक्ष इथे पाहुणे म्हणून आले, मोठी मेजवानी झाली, आणि हातात पेला धरून आमचे साहेब बोलून गेले की तो डोंगर पाहुण्यांचाच. उचलली जीभ, लावली टाळ्याला! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला यांना कुणी सांगितलं होतं? दुसऱ्या दिवशी आमचे विरोधी पक्षनेतेही मागे राहिले नाहीत, डोंगर तुमचाच असं त्यांनी भर सभेत ठणकावलं. दोघांपैकी एकानेही तो डोंगर पाहिलेला नाही. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये सुद्धा लगेच दोन टेबलं पडली, आणि ज्यांना आपल्या गॅलरीची भिंत शेजाऱ्याच्या बाजूला किती सरकली आहे ते माहीत नाही, ते डोंगराच्या सरहद्दीवर वाद घालू लागले.

आणि आठवड्याभरात तुमचं पत्र आलं. माझ्या मुलीच्या नावाने, पण रोख माझ्यावर. “डोंगर आमच्या देशाचा आहे असं तुझ्या आईने स्वतःच्या सहीने लिहून द्यावं, मगच लग्नाची तारीख ठरवू.” पोरीने पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. तुमचा मुलगा गेल्या रविवारी नेहमीसारखा आला, आमचा गळका नळ दुरुस्त केला, आणि दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिली. नळ अजून गळतोच आहे. त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं, त्याला मी बोल लावत नाही.

मी उत्तर का दिलं नाही, ते सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एका सुताराच्या आणि एका शिक्षकाच्या परसातली हद्द मोजायला पाठवलं होतं. थंडी मरणाची होती. शिक्षकांच्या बायकोने आत बोलावलं, मी स्वयंपाकघरात बसून गरम गरम चहा प्यायले, आणि मग साखळी टाकली. हद्द शिक्षकांच्या बाजूने निघाली, वीतभराने. मोजणी बिनचूक होती, विहीणबाई, आजही शपथेवर सांगेन. पण सुतार कुंपणापलीकडून सगळं बघत होता. तो एवढंच म्हणाला, “बाई, माप बरोबर असेलही. पण तुम्ही आधी त्यांच्याकडे बसलात.” त्याने ती हद्द मरेपर्यंत मानली नाही. दोनदा भिंत उभी राहिली, दोनदा पडली, आणि दोन्ही घरची मुलं एकमेकांशी न बोलता मोठी झाली. तेव्हापासून मी पाण्याची बाटली घरून नेते. मोजणीआधी कुणाकडे चहा नाही, मोजणीनंतर दोघांकडे. तीस वर्षं खात्यात मला खडूस म्हणतात, म्हणोत बापडे. आमच्या पंतप्रधानांनी मोजणीआधी नुसता चहा नाही, अख्खी मेजवानी झोडली, म्हणून मला त्यांचा राग आहे. आणि तुम्ही मला सांगता आहात की मीही तेच करावं, फक्त दुसऱ्या घरी.

ते माझ्याच्याने होणार नाही. तो डोंगर मी मोजलेला नाही. कुणाचा आहे, मला माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या हद्दीवर मी सही करत नाही. कदाचित तुमचाच असेल, तसं निघालं तर मी पहिली आनंदेन. पण तुमच्या भावाची तीन बोटं गेली, त्याला मोजणी लागत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, मनापासून वाटतं, आणि हे मी तुम्ही सांगाल त्या कागदावर, सांगाल तेवढ्या वेळा लिहून देईन.

आता त्या दुसऱ्या पत्राचं. काल स्वयंपाकघरातल्या खणात काडेपेटी शोधताना एक कागद सापडला, त्यावर माझ्या सात सह्या. मी एकही केलेली नव्हती. पाच वर्षांपूर्वी माझं मनगट मोडलं तेव्हापासून माझ्या सहीच्या शेपटाला वळण राहिलेलं नाही. या सातही सह्यांना झोकदार वळण होतं, भिंतीवर लावलेल्या, माझी सही असलेल्या जुन्या नकाशावरून उतरवलेलं. विचारल्यावर पोरगी रडली आणि सगळं सांगितलं. तुम्ही मागितलेला मजकूर तिने लिहिला, खाली माझी सही ठोकली, आणि चार दिवसांपूर्वी टपालात टाकला. त्यात म्हणे दोन वाक्यं आहेत: डोंगर तुमच्या देशाचा आहे, आणि आमच्या पंतप्रधानांचं बोलणं मला पटलेलं नाही. त्यातलं दुसरं माझं समजा. पहिलं माझं नाही, ते फाडून टाका. कदाचित त्यासोबत लग्नही फाटेल, हे कळून लिहिते आहे. पण खोट्या सहीवर उभं केलेलं घर मी माझ्या लेकीला देणार नाही, आणि मापात खोट असलेला कपडा तुम्हीही गिऱ्हाइकाला देत नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे, तुम्ही बोलावलंत तरी आणि नाही बोलावलंत तरी. चहा टाकून ठेवा. मी आल्या आल्या घेणार आहे, कारण तुमच्याकडे मी मोजणीला येत नाही.

तुमचीच,
विहीण

ता. क. – पाकीट बंद करण्याआधी हे सगळं मुलीला वाचायला दिलं. वाचून तिने पेन मागितलं. माझ्या सहीखाली जी दुसरी सही आहे ती तिची. या वेळी तिने स्वतःची केली आहे.