सोबत येणाऱ्याचं नाव

ती. मावशीस,

बोरामचा सोलहून वाकून नमस्कार. (हल्ली वाकणं सोपं जातं, सरळ होणं अवघड.) तिकडे गावी, वान्दोला, थंडी पडली का? गुडघे काय म्हणतात? समुद्री शेवाळ वाळवायच्या चटया यंदा तरी बदलल्यास का? आधी हवापाणी, मग प्रकृती, मग काम, असा पत्राचा क्रम आई गेल्यावर तूच मला त्या चटयांवर बसवून शिकवलास, म्हणून पाळते आहे. सणाला मी शस्त्रक्रियेचा विषय काढला तेव्हा तू मळलेलं पीठ तसंच टाकून उठलीस. "आईबापानं दिलेल्या अंगाला सुरी लावणार? आणि तीही तिथे?" त्याला आठ आठवडे झाले. मी मोजत नाही, पण कॅलेंडर समोरच टांगलेलं आहे.

मी बरी आहे. मान दुखते, खांद्यांवर पट्ट्यांचे असे चर पडलेत की त्यात मटार पेरता येतील, आणि उन्हाळ्यात छातीखाली घड्या घातलेले रुमाल ठेवूनही पुरळ उठलंच. बाकी मजेत.

तर मी दवाखान्यात गेले. तिथे डॉक्टरांच्या आधी एक सल्लागार बाई भेटतात. त्यांनी मला बसवलं आणि टेबलावर पारदर्शक जेलीचे गोळे मांडायला सुरुवात केली. हा नैसर्गिक, हा उठावदार, हा धावताना न हलणारा. वडीलधाऱ्या माणसाला मध्येच तोडायचं नाही, हीही तुझीच शिकवण, म्हणून मी वीस मिनिटं एकेक गोळा दोन्ही हातांनी घेऊन दाबून परत देत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मग किती वाढवायचं?" मी म्हटलं, "कमी करायचंय." त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "अगं बाई! इथे बायका वर्ष-वर्ष पैसे साठवून घ्यायला येतात, आणि तू परत करायला आलीस?" मी चारदा माफी मागितली. (कशाची, ते अजून कळलेलं नाही.)

डॉक्टर मात्र भले आहेत. व्रण राहतील, एक गोलाकार आणि त्याखाली एक उभा; वर्षभरात फिके होतील, पण जाणार नाहीत. काही जागी स्पर्श कळेनासा होईल. पुढे बाळाला पाजता येईलच असं नाही. हे सगळं त्यांनी सांगितलं, मी वहीत उतरवलं आणि खात्रीसाठी त्यांना वाचून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, आकार कसा हवा? मी म्हटलं, कुणी बघणार नाही असा. खुणा करायच्या जांभळ्या पेनाला टोपण लावून ते म्हणाले, "तेवढं माझ्या हातात नाही. मान दुखायची थांबेल, एवढं बघतो." मावशी, इतकं खरं माझ्याशी या शहरात कुणी बोललेलं नाही.

ऑफिसात खोटं बोलवेना, म्हणून रजेच्या अर्जावर 'खांद्याचा इलाज' असं लिहिलं. खांदाच तर दुखतो. पण आमचे विभागप्रमुख पेंगसाहेब खूश झाले. "माझाही दुखतो! तुझ्या डॉक्टरांचा नंबर दे." मी म्हटलं, साहेब, तो इलाज तुम्हाला लागू पडणार नाही. आता ते मी आपमतलबी आहे असं सगळ्यांना सांगतात आणि जेवायला मला न घेता जातात. (पूर्वीही क्वचितच घेत.)

अडलं ते फॉर्मवर. शस्त्रक्रियेच्या दिवशी सोबत येणाऱ्याचं नाव, नातं, फोन. मी माझंच नाव लिहिलं आणि नात्यात 'स्वतः'. नर्सने चष्मा वर केला. "भुलीत असताना तुला घरी कोण नेणार? तूच?" मी घरी येऊन फोनमधली सगळी नावं पाहिली. दोनशे चौदा. त्यातले तेवीस कोंबडी घरपोच देणारे. एक दंतवैद्य. एक बाई जिच्याशी मी कॉलेजात एकदा छत्री वाटून घेतली होती. तिला मी संदेश लिहिला, तीनदा सुधारला आणि पुसला. सहा वर्षं राहते मी इथे. घरमालकिणीला विचारावं म्हणून जिना उतरले, तर ती भाडं वाढवल्याचं सांगण्यासाठी माझ्याकडेच येत होती. मी अभिनंदन करून परत आले.

असो. तू काळजी करू नकोस आणि येऊ तर मुळीच नकोस. हंगाम आहे, शेवाळ कोण उलटवणार? मी सगळं नीट निभावेन. तब्येतीला जप.

तुझी,
बोराम

ता. क. त्या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं आहे. नात्यात 'आई' लिहिलं, मग खोटं वाटलं म्हणून खोडून 'मावशी' लिहिलं, मग तेही पुरेसं वाटेना. नर्स म्हणाली, आता फॉर्मवर खाडाखोड पुरे.

ता. क. २. सुजेवर इथे सगळे भोपळ्याचा रस पितात. दुकानात मिळतो. तुझ्यासारखा नसतो, एवढंच.

ता. क. ३. तूही शाळेत असताना छातीवर फडकं करकचून बांधायचीस, हे आई मला सांगायची. तुझी पाठ आता पूर्ण वाकली आहे. सणाला तू पीठ टाकून उठलीस, तेव्हा उठायला तुला भिंत धरावी लागली. मी ते पाहिलं.

ता. क. ४. सोबत बसचं तिकीट आहे. पुढच्या गुरुवारी, सकाळी आठ दहाची; शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी आहे. तुझी मान डावीकडे वळत नाही, म्हणून खिडकी उजवीकडची घेतली आहे. तू नाही आलीस तरी तिकीट आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येतं, ते मी विचारून ठेवलं आहे. शस्त्रक्रियाही.