मापं कोण घ्यायचं

तपास अधिकारी मॅडम,
सप्रेम नमस्कार.

खटला संपेपर्यंत मला पत्रसुद्धा लिहू नका, असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून हे कपाटातच राहील. पण आभार पोटात मावत नाहीत.

आईच्या खुनाच्या आरोपातून कोर्टाने बाबांना पुराव्याअभावी सोडलं होतं. गल्लीने कधीच सोडलं नाही. इतक्या वर्षांनी ती फाइल उघडून तुम्ही आमच्या शिंपीकामाच्या दुकानात आलात, तेव्हा बाबा करवादले, "पुन्हा काय उगाळता?" तुम्ही खुनाचं काही विचारलंच नाही. "तुमच्या पत्नी दुकानात काय काय करायच्या?" एवढंच.

"शिवायची, बायकांची मापं घ्यायची. पुरुषांची मीच घ्यायचो. गड्याच्या गळ्याला टेप लावला की हिला हसू फुटायचं, आणि गिऱ्हाईक चिडायचं!"

तुम्हीही हसलात, आणि मग एकदम फाइलची पानं उलटू लागलात. शेजारच्या घड्याळवाल्याने साक्ष दिली होती, की आई त्याच्या कोटाचं माप घेत असताना बाबा संतापून धावून आले. त्या एका खोट्यावरून तुम्ही त्याला पुन्हा बोलावलंत, आणि परवा त्याने खुनाची कबुली दिली.

बातमी ऐकून बाबा शिलाई मशीनपाशी जाऊन बसले. मग, "गेली गं तुझी आई," असं मला पहिल्यांदाच कळवत असल्यासारखे म्हणाले आणि ढसाढसा रडले.

आजवर ते फक्त आरोपी होते, मॅडम. तिच्यासाठी रडायची मोकळीक त्यांना तुम्ही दिलीत.

तुमची ऋणी,
शिंप्याची लेक