चिपाडाचा बोर्ड

सोम. ३ मार्च
तिसगावच्या शाळेत आमच्या वर्कशॉपचे कॉम्प्युटर मी बसवून आले. आतला सर्किट बोर्ड उसाच्या चिपाडाचा. जुना झाला की उकळत्या पाण्यात टाकायचा, लगदा होतो, पार्ट सुटे निघतात. जाळायला काही उरत नाही. विलासदादानं, माझ्या सख्ख्या भावानं, भंगारात तांब्यासाठी जुने बोर्ड जाळून जाळून छातीची वाट लावून घेतली. म्हणून तर मी या कामात. त्याची लेक स्वरा त्याच शाळेत. आज कॉम्प्युटरसमोरून उठेचना पोरगी.

शनि. ८
नागापूर. वर्कशॉपात टेस्टला लावलेल्या बोर्डाला वास, गूळ करपल्यासारखा. वीज आत येते त्या कडेला तपकिरी डाग. बोट लावलं तर चटका बसला.
शाळेतली खोली पत्र्याची. दुपारी तिथं काय होत असेल...

सोम. १०
सरांना डाग दाखवला. वर्कशॉप त्यांचं, घर गहाण टाकून उभं केलेलं. त्यांनी नखानं डाग खरवडून पाहिला. मग, "एकाच बोर्डाला आहे ना?"
म्हटलं, एकच उघडलाय.
"मेघा, आत्ता शाळेतले परत आणले तर चिपाडाचा विषय संपला. पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. पुन्हा तेच जुने बोर्ड, तेच जाळणं."
विनवत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मंगळ. ११
दुसराही करपला. सर फोन उचलत नाहीत.
दादाला सांगितलं, स्वराला कॉम्प्युटरपाशी बसू देऊ नको. "का गं? लई खूश हाय पोरगी." म्हटलं, ऐक माझं एवढं.
फोन ठेवला. फक्त स्वराला? बाकीच्या पोरी कुणाच्या?

बुध. १२
रजा टाकून तिसगाव. खोली पोरांनी भरलेली. स्क्रीनवर ऊन येतं म्हणून खिडक्या बंद. सरळ मेन स्विच पाडला. एकच आरडाओरडा.
हेडमास्तर धावत आले. "कुणाला विचारून बंद केलं?"
म्हटलं, आग लागू शकते.
"लागलीये का कुठं?"
एक कॉम्प्युटर उघडून दाखवला. बोर्ड स्वच्छ. डाग नाही, वास नाही. दुसरा उघडू दिला नाही. "ताई, किती वर्षं अर्ज केले आमी यासाठी. तुमी घरी जा." त्यांनी स्वतः स्विच पुन्हा चालू केला.
दादा फाटकाशी उभा होता. एसटीत बसल्यावर वाटलं, कदाचित माझंच चुकत असेल. चुकत असू दे.

गुरु. १३
सकाळी सर टेबलाशी आले. शाळेतून तक्रार गेलेली, झापणारच होते. समोरच्या बोर्डातून धूर निघाला. पांढरा, बारीक. सरांनीच वायर खेचली. चेहरा मेल्यासारखा. "चल," म्हणाले, "सगळे काढून आणू."
गाडीत लिहितेय. अक्षर नीट येत नाही. आता तिसगावच्या वाटेवरचा करंजी घाट. शाळेचा फोन लागत नाही. दादाचाही नाही. शाळा भरली असेल.
सर म्हणतात, घाटात रेंज नसते.
पण गाडी भयंकर पळवतायत. कधी एवढी पळवत नाहीत.