बिनडब्याचं दूध

ओदुमासे,
गुरुवार, १४ ऑगस्ट

प्रिय माकू,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील, आणि तुझ्या मालकिणीची कंबर आता कमी दुखत असेल म्हणजे ती तुझ्यावर कमी ओरडत असेल, अशी आशा आहे. इकडे चर्चमधली सगळी मंडळी तुझी चौकशी करतात. देदे आत्याचा गुडघा पुन्हा धरला आहे. काचेच्या मण्यांच्या भट्टीवरचा एक पत्रा वाऱ्याने उडाला होता, तो बसवून घेतला. हे पत्र शेजारच्या कम्फर्टच्या मुलीबरोबर पाठवते आहे. ती शनिवारी कुवेतच्या विमानात बसते. फोनवर न सांगता लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच बोलशील आणि मी थांबेन.

तुझा नार्ते जिवंत आहे. हे आधी लिहिते. आत्ता तो माझ्या मांडीवर आहे, अर्धी वाटी दूध पिऊन पडला आहे. पण आम्ही घरी नाही, दवाखान्यात आहोत. आज दहावा दिवस. गेल्या शुक्रवारी तू फोन केलास आणि मी म्हटलं, "झोपलाय गं, उठवत नाही," तेव्हाही आम्ही इथेच होतो. मागे चाकांचा आवाज येत होता आणि तू म्हणालीस, "आई, बाजारात आहेस का?" मी हो म्हटलं. ती औषधांची गाडी होती.

डॉक्टर म्हणतात, सुधारतो आहे, पण अजून खात्री देत नाहीत. मी रोज विचारते. रोज तेच म्हणतात.

आता कसं झालं ते सांगते. नीट क्रमाने सांगायचं ठरवलं आहे, पण मन सारखं बाजूला पळतं.

तू गेलीस तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. तू पैसे पाठवायचीस आणि सांगायचीस, डब्याचंच दूध आण, त्याच कंपनीचं. मी तेच आणत होते. पण माकू, तो डबा आठ दिवसही पुरायचा नाही. मी मनाशी म्हटलं, बाकीच्या गोष्टींत वाचवू, म्हणजे तुला तिकडे पाठवणाऱ्या एजंटाचं देणं लवकर फिटेल आणि पोराच्या पहिल्या वाढदिवसाला त्याची आई घरी असेल. दुसऱ्या वाढदिवसाची वाट बघायला नको. तुझ्या बाबांचे जुने सुती कपडे होते ना, ज्यांना मी तीन वर्षं हात लावला नव्हता, ते फाडून लंगोट शिवले. पहिली कात्री चालवताना बराच वेळ बसून राहिले. मग चालवली. विकतच्या तेलाऐवजी पामच्या बियांचं तेल घरी काढलं. अंगडी-टोपडी जुन्या कपड्यांच्या ढिगातून उचलली, उकळत्या पाण्यात घातली. यातलं काही चुकलं नाही, सिस्टर ग्लॅडिसही तेच म्हणते. ती इथली मुख्य नर्स. आवाज मोठा, हात हलका.

बाळाच्या वजनाचा दिवस बुधवारी असतो आणि बुधवारीच आगोमान्याचा बाजार. मणी विकायचे की गाडीभाडं खर्चून वजनाच्या रांगेत बसायचं? मी बाजारात बसले. आपल्या क्रोबो जमातीच्या बाईला वजनकाटा कशाला लागतो, असंच वाटायचं. आपण पोरं मण्यांनी मोजतो. तुला मोजलं, तुझ्या दोन्ही बहिणींना मोजलं. घोट्यावरची माळ घट्ट झाली की पोर वाढलं, दोन मणी वाढवायचे, पुन्हा ओवायची. माझ्या आईनेही हेच केलं.

बाजारातच अफुआ भेटली. साखर, मैदा, असं सुटं विकते. तिच्याकडे पांढऱ्या भुकटीचं पोतं होतं, कपाने मोजून पिशवीत बांधून द्यायची. मी डब्याच्या भावाची गोष्ट काढली तर हसली.

"ताई, डब्याचे पैसे कशाला देता? पोर डबा खातं का?"

"दूध तेच आहे ना पण?"

"पांढरं आहे, पाण्यात विरतं, गोड लागतं. आणखी दूध म्हणजे काय असतं? माझी चार पोरं यावर वाढली. त्यातला एक तर पोलीस आहे!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले आणि दोन कप बांधून घेतले.

तुझ्या आईला वाचता येतं, याचा तुला किती अभिमान. शाळेची पायरी न चढता मी लॉऱ्यांवरच्या पाट्या वाचत आणि तुझी जुनी पुस्तकं चाळत अक्षरं शिकले. डब्यावरचा शब्द न् शब्द मी वाचला होता. किती चमचे, किती पाणी, किती महिन्यांच्या बाळाला. पण पिशवीवर वाचायला काहीच नव्हतं.

आधी निम्मं डब्यातलं आणि निम्मं पिशवीतलं देत होते. पाचव्या महिन्यापासून सगळं पिशवीतलंच. जोडीला मक्याची पातळ पेज. एकदा अंडं द्यावं असं मनात आलं, तर देदे आत्या अंगावर आली. "वहिनी, शुद्धीवर आहेस ना? दात यायच्या आधी अंडं खाल्लेलं पोर चोर निघतं!" मी अंडं परत टोपलीत ठेवलं. खोटं कशाला सांगू, ते एक अंडं वाचलं म्हणून मला बरंच वाटलं.

आणि पोर गुटगुटीत होऊ लागलं. खरंच सांगते. गाल वर आले, पावलं पावासारखी फुगली. घोट्याची माळ रुतायला लागली, मी दोन मणी वाढवले, मग आणखी तीन. त्याचा तो फोटो तुला पाठवला. तू उत्तरात लिहिलंस, "आई, किती जाडू झालाय, तुझ्या हाताला यश आहे." ते मी देदे आत्याला वाचून दाखवलं, कम्फर्टला दाखवलं, अफुआलासुद्धा दाखवलं. केस तांबूस व्हायला लागले तर सगळ्या म्हणाल्या, बघा, राजपुत्र. रडायचा थांबला, तर म्हणाल्या, किती शहाणं बाळ. दिवसभर भट्टीजवळ चटईवर पडून असायचा, माशी बसली तरी हात हलवायचा नाही. मीही म्हणायचे, शहाणं आहे.

पण दंडावरची माळ सैल झाली होती.

माकू, हे वाचून थांब थोडी. पायाची माळ घट्ट आणि दंडाची सैल. चाळीस वर्षं मणी ओवणाऱ्या बाईला हे दिसलं. मी काय केलं? म्हटलं, दोरा ढिला पडला असेल. चार मणी काढून ती माळ लहान केली आणि परत बांधली.

मंगळवारी पाच तारखेला त्याच्या मांडीवरची कातडी सालीसारखी निघाली. तेव्हा मी धावले. जी बचत होती ती त्या दिवशी गाडीवाल्याच्या हातात ठेवली. इथे सिस्टर ग्लॅडिसने त्याच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला, जसा ओल्या मातीत राहतो. मी बघत होते, आता भरेल, आता भरेल. भरला नाही. मग तिने दंडाभोवती जाडी मोजायची एक रंगीत पट्टी गुंडाळली. ती लाल रंगावर थांबली, म्हणजे धोक्यावर. मग कात्री मागवली. घोट्याची माळ मांसात इतकी रुतली होती की दोरा दिसत नव्हता. तिने कापली, मणी सगळ्या फरशीवर घरंगळले, आणि तो रडला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "दूध कुठलं देता?"

मी म्हटलं, "डब्याचं." कंपनीचं नावही सांगितलं. किती चमचे, किती पाणी, तेही सांगितलं. डब्यावरचं पाठच होतं ना.

म्हणून त्यांना वाटलं, दुखणं मूत्रपिंडाचं आहे. चांगलं दूध पिणारं पोर असं सुजत नाही. दोन दिवस त्याच्या तपासण्या चालल्या, इतकुशा हातातून रक्त काढलं. गुरुवारी ते म्हणाले, अक्राच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल, पण वाटेत टिकेल की नाही शंका आहे.  शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिचं पोर नार्तेएवढंच. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, काही सांगायचं असेल तर सांगून टाका. माझ्यासारखा उशीर करू नका." तेव्हा मी डॉक्टरांच्या मागे व्हरांड्यात गेले आणि सांगितलं. पिशवी, कप, अफुआ, सगळं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ही भुकटी चहा-कॉफीत घालतात. नुसती साखर आणि तेल. यात दूध नाही, आजी. ही सूज उपासाची आहे. पोर चार महिने उपाशी होतं."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

अक्राला जाणं रद्द झालं. त्या दिवसापासून त्याला दर दोन-तीन तासांनी इथलं खास दूध वाटीने थोडं थोडं देतात. पहिले दोन दिवस तो तोंडच फिरवायचा. सिस्टर मला म्हणाली, "आजी, रेटू नका, पण हटूही नका." अंड्याचं मी तिला विचारलं तेव्हा सगळा वॉर्ड ऐकेल एवढ्याने ओरडली, "चोर व्हायला आधी मोठं तर व्हावं लागतं ना! घरी गेल्यावर रोज एक द्या. चोरी केली तर मला सांगा, मी बघते त्याच्याकडे!" दहा दिवसांत मी तेवढीच एकदा हसले.

रविवारी शेजारची खाट रिकामी झाली. ती बाई गेली तेव्हा पोर पाठीला बांधायचं कापड घडी करून हातात धरलेलं होतं. तेव्हापासून मी नार्तेच्या छातीवरून हात काढत नाही. घोटभर दूध ढवळायचं झालं तरी सिस्टरला दाखवून घेते, हे बरोबर ना, हे बरोबर ना. ती आता कंटाळली आहे. माझ्या हातांची मलाच भीती बसली आहे.

सूज उतरते आहे. आणि माकू, सुजेच्या खाली पोर नव्हतंच. फासळ्या आहेत, गुडघे आहेत, म्हाताऱ्यासारखा चेहरा आहे. मी किंचाळले तर सिस्टर म्हणाली, "हेच त्याचं खरं वजन, आजी. आता इथून वर." कम्फर्टच्या मुलीजवळ फोटो पाठवत नाही. तू मागशील, पण पाठवत नाही.

एक राहिलं आहे. ते न लिहिता पाकीट बंद करणार होते, दोनदा केलंही.

तुझे बाबा काचेची भुकटी साच्यात भरायच्या आधी दोन बोटांत चोळून बघायचे. जाड आहे, बारीक आहे, ओल धरली आहे, सगळं त्यांना बोटांत समजायचं. ते मलाही त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी घरी येऊन मी अफुआची पिशवी उघडली आणि सवयीने चिमूट चोळली. बोटांना तेल लागलं. डब्यातली भुकटी चोळली, ती कोरडी होती, जिभेवर दुधासारखी लागली. दोन्ही वेगळ्या आहेत हे मला तेव्हाच समजलं. मी कमरेच्या कापडाला बोटं पुसली आणि पाणी उकळायला ठेवलं.

का, ते मी रोज स्वतःला विचारते. तू लवकर यावीस म्हणून, हे खरं आहे. पण एवढंच नाही. तुझे बाबा गेल्यापासून घरात काही वाढतं आहे, साठतं आहे, हे पाहिलंच नव्हतं. दर आठवड्याला थोडे पैसे शिल्लक राहायचे आणि मला वाटायचं, मी एकटीने घर चालवून दाखवते आहे. ते मला आवडायला लागलं होतं. डॉक्टरांना म्हटलं, माहीत नव्हतं. तुला तसं सांगणार नाही.

आज सकाळी वाटी संपली तेव्हा त्याने ओरडून आणखी मागितलं. रागाने, पाय आपटून. सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. सिस्टर म्हणते, असंच चाललं तर पुढच्या आठवड्याअखेर घरी सोडतील. सोडताना एक कार्ड देतात, त्यावर एक ओळ असते, घरी मुलाला कोण भरवणार. ती पेन काढून म्हणाली, "आजी, तुमचंच नाव ना?"

मी म्हटलं, "ती ओळ राहू दे. त्याची आई सांगेल."

"आई तर कुवेतला आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं.

देदे आत्या त्याला न्यायला तयार आहे. तिला वाचता येत नाही, पण ती डब्याशिवाय दूध घेणार नाही, आणि अंड्याचं सिस्टरने तिला समजावलं आहे. तू तिचं नाव घेतलंस तर मी त्याचे कपडे धुऊन, घड्या करून तिच्या घरी नेऊन देईन, आणि कोणापुढे एक शब्द काढणार नाही. माझं नाव घेतलंस तर काय होईल ते मला सांगता येत नाही. मला दोन्हीची भीती वाटते.

शुक्रवारी फोन कर. मी उचलेन, पण आधी काही बोलणार नाही. तू फक्त नाव सांग.

तोवर तुझ्या बाळाला दुसऱ्याच्या नजरेसमोरच भरवणारी,
कोर्यो